खुनाला सोयीची जागा

खून करायला तोरणमाळ फार सोयीचं आहे. वर पोहोचल्यावर हा विचार मनात यायला मला अर्धा तासही लागला नाही, आणि त्यात माझा दोष नाही. दोष शाळकरी वयात पांघरुणात बॅटरी घेऊन वाचलेल्या पुस्तकांचा आहे. शहादा सोडायचं, म्हसावद मागे टाकायचं, सातपायरी घाटाची वळणं मोजायचा नाद सोडून द्यायचा, की साडेतीन हजार फुटांच्या वर सातपुडा एकदम सपाट होतो. मधे यशवंत तलाव. एका अंगाला सीताखाईची दरी, कडेलोटासाठीच घडवल्यासारखी. पावसाळ्यात धुकं असं की समोरून येणाऱ्याची छत्री दिसते, माणूस दिसत नाही. घाटात दरड आली की वरचे वर आणि खालचे खाली. जंगलातून पायवाटा पुष्कळ आहेत, पावरा आणि भिल्ल मंडळी त्यांवरून डोक्यावर ओझं घेऊन रोज चढउतार करतात, पण त्या पायवाटा कादंबरीकाराने विसरायच्या असतात.

कारण रहस्यकथेच्या धंद्यात 'बाहेरून कोणी आलं नाही, आतून कोणी गेलं नाही' या एका वाक्याला सोन्याचा भाव आहे. त्यापायी परदेशी लेखकांनी केवढे उपद्व्याप केले! अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३४ साली आख्खी आगगाडी बर्फात अडकवली, १९३९ साली दहा माणसं एका बेटावर नेऊन सोडली. सातपुड्यात तेच काम आषाढातला पाऊस फुकटात करून देतो.

पात्रंही मनासारखी मिळाली. विश्रामगृहात एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक उतरले होते. ते जेवणाच्या दराच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ मनातल्या मनात सुधारत असावेत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसे. सुरतेकडचं एक नवं जोडपं होतं, ते फोटो काढताना हसायचं आणि फोटो काढून झाल्यावर भांडायचं. एक ठेकेदार होते, त्यांच्याकडे दोन मोबाइल आणि दोन्हींना रेंज नाही. इथल्या जागेला अजून दहा वर्षांनी काय भाव येईल, हे त्यांनी नाश्त्याच्या वेळी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं होतं. मयताची भूमिका मी ताबडतोब त्यांना देऊन टाकली. रहस्यकथेतला मयत असाच लागतो, ज्याच्यासाठी कोणाला रडावं लागणार नाही असा. स्वयंपाक करणारे मामा मात्र मी संशयातून वगळले. नंदुरबारच्या मिरचीचा हात ते इतका सढळ सोडत की खून करायचाच असता तर निराळं विष आणायची त्यांना गरज नव्हती. आणि दुसरं असं की मामांना अटक झाली तर पुढच्या प्रकरणांत भाकरी कोण थापणार?

हे भाकरीचं मी थट्टेने लिहिलं खरं, पण त्या गोष्टींमधली मला पहिल्यापासून खटकणारी जागा तीच आहे. वाचनालयाच्या खोलीत, गालिच्यावर, पाठीत सुरा खुपसलेला मनुष्य पडलेला असतो, आणि दुसऱ्या प्रकरणात मंडळी टोस्टला लोणी लावत असतात. आपल्याकडे घरात मयत असताना चूल पेटत नाही. शेजारी भात-पिठलं आणून देतात, ते कोणी चटकन खात नाही, आणि कोपऱ्यात एखादी आत्या प्रत्येक नव्या येणाराबरोबर पुन्हा पहिल्यापासून रडायला लागते. असल्या घरात डिटेक्टिव्हाने चौकशी करायची म्हटली तर तेराव्यापर्यंत त्याला कोणी पाटसुद्धा द्यायचं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारला किंवा काळ्या पहाडाला सुतक आडवं आल्याचं मला तरी आठवत नाही.

पाऊस जरा उघडला तेव्हा सीताखाईच्या कडेला माझी एका वकिलांशी ओळख झाली. शहाद्याकडचे. उभी हयात फौजदारी खटल्यांत गेलेली. खाली धबधबा दणकून कोसळत होता आणि मला साहजिकच शेरलॉक होम्स आठवला. मी त्यांना उत्साहाने सांगितलं की स्वित्झर्लंडात अशाच एका धबधब्यात, रायखेनबाखला, १८९१ च्या मे महिन्यात होम्स आणि प्राध्यापक मोरियार्टी झोंबाझोंबी करताना पडले, अशी जगाची समजूत झाली होती.

"प्रेतं मिळाली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"परत आला का कोणी?"

"होम्स आला. तीन वर्षांनी. १८९४ साली."

"मग तो मेलाच नव्हता, भाऊ. माणूस सात वर्षं कोणाच्या ऐकिवात नसेल तर त्याला मृत धरायचं. पुरावा कायदा, कलम एकशेआठ. आता नव्या अधिनियमात एकशेअकरा. तीन वर्षांत त्याच्या भावाला वारसाचा दाखलासुद्धा मिळाला नसता."

मी मनाशी हिशेब केला. होम्सच्या मरणाची गोष्ट छापून आली डिसेंबर १८९३ मध्ये. तो जिवंत असल्याची गोष्ट आली १९०३ मध्ये. म्हणजे गोष्टीतल्या लोकांसाठी तो तीनच वर्षं बेपत्ता, पण वाचकांसाठी डिसेंबर १९०० लाच कायदेशीररीत्या वारलेला. मधे १९०१ मध्ये बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट आली, पण ती जुन्या काळातली, म्हणजे पुराव्याला कुचकामी. हे मी वकीलसाहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "वाचक हितसंबंधी होऊ शकतात. अर्ज करता आला असता."

त्या क्षणापासून माझी सुट्टी वाया गेली, किंवा सत्कारणी लागली. अजून नक्की ठरत नाही. मी एखादी गोष्ट सांगावी आणि त्यांनी ती कोर्टात उभी करून पाडावी, असा क्रम सुरू झाला. होम्सने घटनास्थळी सिगारची राख वेचून तिच्यावरून गुन्हेगार ओळखला, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी छत्री मिटली, घसा साफ केला आणि धुक्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

"राख उचलली तेव्हा पंच हजर होते का?"

"डॉक्टर वॉटसन होते," मी होम्सच्या वतीने उत्तर दिलं.

"म्हणजे आपल्याच खोलीत भाडं वाटून राहणारे आपले मित्र. शेजारपाजारचा एकही स्वतंत्र पंच बोलावला नाही, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"राख कशात ठेवली?"

"पाकिटात."

"लाखेचं सील? मुद्देमालाचा नंबर? पंचांच्या सह्यांची चिठ्ठी?"

"नाही. पण माझा १४० प्रकारच्या तंबाखूंच्या राखेचा अभ्यास—"

"विचारलं तेवढंच सांगा. सील नव्हतं. म्हणजे ही राख दुसऱ्या कोणाच्या विडीचीही असू शकते. दॅट्स ऑल, माय लॉर्ड."

पंच असते तरी फार काही साधलं असतं असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पंच म्हणून पोलीस कोणाला धरणार? नाक्यावरचा चहावाला, पंक्चरवाला, कामासाठी ठाण्यात आलेला एखादा शेतकरी. चार-पाच वर्षांनी खटला बोर्डावर येतो तेव्हा तो पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, 'सही माझी आहे, मजकूर माझ्यासमोर लिहिला नाही.' झालं, पंच फितूर. अगाथाबाईंच्या बेल्जियन डिटेक्टिव्हाच्या, हर्क्युल प्वारोच्या दिवाणखान्यात शेवटच्या प्रकरणात सगळे जमतात, खुनी ओठ चावत 'होय, मीच मारलं!' असं ओरडतो, आणि दाराशी इन्स्पेक्टर समाधानाने मिशी पिळतो. ती मिशी व्यर्थ आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे आपल्या पुरावा कायद्यात १८७२ पासून आहे आणि नव्या कायद्यातही तसंच आहे. चालतं ते एवढंच, की आरोपी दोन पंचांसमोर म्हणाला, 'कुऱ्हाड गोठ्यात कडब्याखाली ठेवली आहे, चला, काढून देतो', आणि सगळी वरात त्याच्या मागोमाग गेली, आणि कुऱ्हाड खरंच निघाली, तर त्या निघण्याशी जोडलेलं तेवढं वाक्य. 'मीच मारलं' हे खोडायचं, 'काढून देतो' हे ठेवायचं. निवेदन पंचनामा म्हणतात त्याला. लिहून लिहून त्याची भाषा इतकी घोटलेली असते की महाराष्ट्रातले सगळे खुनी एकाच शाळेत शिकले असावेत, असं वाटतं.

तोरणमाळ ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. १ जुलै २०२४ ला जिल्ह्याच्या वाढदिवसादिवशीच भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. वकीलसाहेबांना त्या बदलाचा एकच सल होता. 'तीनशेदोन' हा आकडा त्यांच्या जिभेवर इतका मुरलेला, की आता खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे हे त्यांना पटतं पण उच्चारवत नाही. नव्या संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावतील असं हेतुपुरस्सर बोलण्याचं कलम आहे. आणि ३०४, ज्यात खुनापेक्षा कमी दर्जाचा मनुष्यवध असायचा, तिथे आता हातातली वस्तू हिसकावून पळणारे आहेत. "परवा एकजण म्हणाला, माझ्या पोरावर तीनशेदोन लावलंय. मी विचारलं, मारलं कोणाला? तर म्हणे, मारलं नाही, मोबाइलवर काहीतरी लिहिलं."

तर मूळ मुद्दा. मी त्यांना विचारलं की इतक्या वर्षांत एखादी तरी केस अशी आली का, की शेवटपर्यंत खुनी कोण ते कळलं नाही, डोकं भणाणून गेलं? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "कोणी मारलं हे बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच गावाला ठाऊक असतं. भाऊबंदकी, बांध, दारू, बाईचा संशय. मारणाराच ठाण्यात येऊन बसतो कधी कधी. आमचं भांडण त्याच्यापुढे सुरू होतं. त्याने जे केलं ते काय आहे?"

हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. कुऱ्हाड पात्याच्या बाजूने मारली की दांड्याने? घाव एक की चार? डोक्यावर की मांडीवर? हत्यार घरून आणलं होतं, की भांडता भांडता हाताशी सापडलं? माणूस जागेवर गेला, की आठ दिवसांनी जखम चिघळून? ठार मारायचंच होतं, की मरेल एवढं फक्त ठाऊक होतं? या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे तेच प्रेत कधी खून होतं, कधी सदोष मनुष्यवध, कधी नुसता हलगर्जीपणा. आणि आरोपी कधी जन्मठेपेला जातो, कधी दहा वर्षांच्या आत घरी येतो. अगाथाबाईंच्या पुस्तकांत अचानक उसळलेल्या भांडणात एकच फटका बसून मेलेला माणूस शोधून सापडणं कठीण आहे. तिथे प्रत्येक जण विचार करून, घड्याळ लावून, हातमोजे घालून मारतो. इराद्याशिवायच्या मनुष्यवधाचं जुनं ३०४ भाग दोन तिथे नाहीच.

पण मेकॉलेच्या कायद्यात आहे, आणि गोष्टींसकट आहे. दंड संहितेचा मसुदा त्याच्या आयोगाने १८३७ साली तयार केला, कायदा झाला १८६० साली, अंमल सुरू झाला १८६२ ला. होम्सची पहिली गोष्ट छापून यायला अजून पाव शतक होतं. मेकॉलेने पुष्कळ कलमांखाली छोटी छोटी उदाहरणं दिली आणि त्यांत 'ए' आणि 'झेड' नावाचे दोन इसम आणून सोडले. वकीलसाहेबांच्या पिशवीत संहितेची पुस्तिका होती (सुट्टीत हा मनुष्य दुसरं काय वाचणार!), ती मी संध्याकाळी कंदिलाशी धरून वाचली आणि झेडबद्दल माझं मन भरून आलं. भारतीय वाङ्मयात झेडइतकं कोणीच मेलेलं नसेल. ए खड्डा खणून त्यावर काटक्या आणि गवत पसरतो, पडतो झेड. ए भरलेली तोफ विनाकारण गर्दीवर डागतो, मरणाऱ्याचं नाव दिलेलं नाही, पण तो झेडच असणार. वाय नावाच्या भलत्याच माणसाने एला डिवचलेलं असतं, ए वायवर पिस्तूल झाडतो, आणि नजरेआड कुठेतरी उभा असलेला झेड मरतो. झेडने जिवंत राहायचा प्रयत्नही करून पाहिला आहे. ए त्याचं नाक ओढायला जातो, झेड स्वतःच्या नाकाच्या बचावासाठी एला धरतो, तर एला त्याचाच राग येऊन तो झेडला ठार करतो. इथे मेकॉलेने ठणकावून सांगितलं आहे की हा खून आहे, कारण झेडला आपलं नाक राखायचा हक्क होता. नव्या संहितेतही झेडची सुटका झालेली नाही. कलमांचे आकडे बदलले, मयत तोच.

त्यात एक कोंबडीचोरही आहे. कोंबडी मारून पळवायच्या इराद्याने तो गोळी झाडतो, आणि झुडपामागे बसलेला एक मनुष्य मरतो, ज्याचा चोराला पत्ताच नव्हता. कायदा म्हणतो, हा चोर असेल, पण मनुष्यवधाचा गुन्हेगार नव्हे. लबाड माणसालाही त्याने न केलेल्या पापातून सोडवायची ही बुद्धी मला फार सभ्य वाटली. रहस्यकथेत या कोंबडीचोराचं काही खरं नव्हतं. चौथ्या प्रकरणात त्याला अटक, आणि खरा खुनी सापडल्यावर त्याचं पुढे काय झालं ते लेखकाने विचारलंही नसतं.

आणखी एक उदाहरण वाचून मी उठूनच बसलो. झेडने बीला मारलं, बी संतापाने थरथरतोय, आणि शेजारी उभा असलेला ए गुपचूप बीच्या हातात सुरा ठेवतो. झेड अर्थातच मरतो. बीला रागाची सवलत मिळू शकते. ए मात्र खुनी. अगाथाबाईंच्या १९७५ साली आलेल्या प्वारोच्या शेवटच्या कादंबरीचं बीज असंच आहे, फक्त तिथे सुरा शब्दांचा आहे. (ज्यांनी 'कर्टन' वाचली नसेल त्यांनी मागचं वाक्य वाचलं नाही असं समजावं.) बर्फात अडकलेल्या त्या आगगाडीचा शेवट सांगितल्यावरही वकीलसाहेब अजिबात चकित झाले नाहीत. "समान उद्देश," ते म्हणाले. "कोणाचा वार प्राणघातक, हे शोधायचीही गरज नाही, सगळे सारखे. आणि तो तुमचा बेल्जियन? खरं ठाऊक असून पोलिसांना खोटी हकिकत देऊन गुन्हेगारांना पाठीशी घातलं. त्यालाही आरोपी करायचा."

'कोणी' पेक्षा 'काय' मोठं ठरलेला महाराष्ट्रातला गाजलेला खटला म्हणजे नानावटीचा. २७ एप्रिल १९५९. नौदलाच्या कमांडर कावस नानावटीला बायकोने दुपारी प्रेम आहुजाबद्दल सांगितलं. त्याने बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, आपल्या जहाजावर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजाच्या घरी गेला, गोळ्या सुटल्या, आणि स्वतःच पोलिसांकडे हजर झाला. प्वारोला इथे काम नाही; त्याच्या मिशा वाळायच्या आत तपास संपला. आणि तरी पुढे अडीच वर्षं देश भांडत होता. झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणावं तर आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? संताप म्हणावं, तर घर सोडल्याला जवळजवळ तीन तास झाले होते. संताप तेवढा वेळ ताजा राहतो का? नऊ ज्यूरींपैकी आठ जणांनी त्याला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला जन्मठेप कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली हा भाग वेगळा. सिनेमाचं तिकीट, जहाजावरची नोंद, टॉवेलची गाठ, सगळा ऐवज डिटेक्टिव्ह कादंबरीचा. शोधायचं मात्र होतं एका माणसाच्या मनातलं घड्याळ.

उलट बाजूही आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा आज्ञा काढल्या. चोरवाट एकापेक्षा जास्त नको, खुनी आधीपासून गोष्टीत वावरत असला पाहिजे, आणि आजवर कोणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. ही विषाची आज्ञा वाजवी आहे. लेखकाने 'विष होतं पण कोणतं ते विचारू नका' म्हटलं तर वाचक पुस्तक भिरकावील. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका प्रकरणाने ती आज्ञा मोडली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मोडणं मान्य केलं.

लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई, मधुमेहाच्या रुग्ण, घरदार आणि पैसा बाळगून. डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांच्याच वाड्यातला भाडेकरू आणि त्यांचा डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो त्यांना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून पुण्याहून आगगाडीने घेऊन निघाला. पहाटे बोरीबंदरला गाडी लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्याने त्यांना जी. टी. रुग्णालयात नेलं आणि नाव लिहवलं ते वेगळंच. दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. प्रेत न्यायला कोणी आलं नाही; बेवारस म्हणून ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी गेलं. इकडे पुण्यात नातेवाइकांना पत्रं येऊ लागली, बाईंच्याच नावाने, की मी दुसरं लग्न केलं आहे, दूर देशी सुखात आहे, शोध करू नका. आणि बाईंचे पैसे, शेअर वगैरे एकेक करून डॉक्टरच्या नावावर सरकत होते. मेलेल्या बाईने पत्रव्यवहार चालू ठेवला!

आगगाडी, डॉक्टर, खोटं नाव, परलोकातून पत्रं. अगाथाबाईंनी हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, बाई आता वाहवत चालल्या. आणि शेवटच्या प्रकरणात विषाचं नावच नाही. रासायनिक विश्लेषकाला काही सापडलं नाही. रुग्णालयाच्या कागदांवर मरणाचं कारण मधुमेहाची मूर्च्छा असंच लिहिलं गेलं होतं. तरी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने म्हटलं, की विष निघालं नाही म्हणून डॉक्टर सुटू शकत नाही. त्याने आधी आणि नंतर जे जे केलं, ते सगळं मिळून त्याच्याकडेच बोट दाखवतं. फाशी कायम. एका न्यायमूर्तींना ते पटलं नाही, आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं. कादंबरीत प्वारोच्या शेजारी बसून 'मला नाही पटत' असं लिहून ठेवणारा कोणी नसतो, ही मला त्या प्रकारातली मोठी उणीव वाटायला लागली आहे.

पुण्याच्याच दुसऱ्या एका खटल्यात १९८४ साली बरोबर उलटं झालं. तिथे विष सापडलं होतं, त्याचं नाव ठाऊक होतं, सायनाइड. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला दोषी ठरवलं होतं. पण मरणाऱ्या तरुणीने स्वतःच ते घेतलं असण्याची शक्यता पुरती पुसली गेली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. नुसत्या परिस्थितीवरून दोषी ठरवायचं तर काय काय लागतं, त्याची पाच तत्त्वं त्या निकालात आहेत आणि न्यायालयाने त्यांना 'पंचशील' म्हटलं आहे. खुनी तो असू शकतो एवढ्याने भागत नाही. तोच असला पाहिजे. पंचशील वकीलसाहेबांना तोंडपाठ. त्यांनी ते मला ऐकवलं तेव्हा मुख्याध्यापक हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, प्रार्थना आहे.

इथपर्यंत आमची करमणूक चालली होती. मग विषय सातपुड्यावर आला आणि वकीलसाहेबांचा आवाज बदलला.

नंदुरबारच्या या डोंगरपट्ट्यात 'डाकीण' हा शब्द अजून जिवंत आहे. एखाद्या पाड्यावर पोर तापाने जातं, बैल मरतो, धडधाकट माणूस महिन्याभरात वाळतो. कारण मलेरिया असेल, सिकलसेल असेल, कुपोषण असेल, काहीही. पण मेलं म्हणजे कोणीतरी मारलं, असं मनाने घेतलं की शोध सुरू होतो. बडव्याला, म्हणजे तिथल्या मांत्रिकाला बोलावतात. तो दाणे टाकून बघतो, चौकशी करतो, कोण कोणाशी भांडलं होतं, कोणाचा कोणाच्या शेतावर डोळा होता, आणि शेवटी जमलेल्या लोकांसमोर नाव सांगतो. नाव बहुधा एखाद्या एकट्या बाईचं. पुष्कळदा विधवा, पुष्कळदा थोडी जमीन असलेली. मग तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो.

मी ऐकत होतो आणि मला ओशाळल्यासारखं झालं. सगळ्यांना एका जागी बसवणं, जुनी वैरं उकरणं, आणि शेवटी बोट रोखणं, हा सगळा थाट माझ्या ओळखीचा होता. फक्त इथे मरण आहे आणि खून नाही. गुन्ह्याआधी गुन्हेगार तयार होतो आणि त्याला शोधताना खरा गुन्हा घडतो. पोलीस ठाण्यात एक साधी नोंदवही असते, अकस्मात मृत्यूची. साप चावून, विहिरीत पडून, वीज कोसळून मेलेल्या माणसांची. तिच्याइतकं नीरस वाङ्मय दुसरं नाही, पण कोणीही न मारता माणूस मरू शकतो हे सरकारदरबारी कबूल केलेलं मला तिथेच दिसतं. बाईला डाकीण ठरवणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडला. पाचांपैकी दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. मारणारे शाबीत झाले. त्यांच्यामागे कोण होतं, ते शाबीत झालं नाही. शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडतं, असा करार आयुष्याने कोणाशी केलेला नाही.

त्या रात्री वीज गेली होती आणि वकीलसाहेबांना झोप येईना. मी त्यांना माझ्याजवळची जुनी रहस्यकादंबरी वाचायला दिली, वाचनालयातली, शेवटचं पान शाबूत असलेली, म्हणजे दुर्मीळच. त्यांनी ती उघडली आणि सरळ शेवटचं प्रकरण काढलं. मी कळवळून म्हणालो, "साहेब, तसं नका करू, सगळी मजा जाते."

"आम्ही आधी निकालपत्रच बघतो," ते म्हणाले आणि मोबाइलच्या उजेडात वाचत बसले. मधे दोनदा 'च्च' केलं. एकदा पान मागे उलटून काहीतरी पडताळलं. डिटेक्टिव्हाचं दोन पानी भाषण वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव होती, ती ते एरवी विरोधी पक्षाच्या ज्युनिअर वकिलासाठी राखून ठेवत असावेत. खुनी एक देखणा, शांत, हसतमुख मनुष्य होता. त्याने तीन जणांना चहातून विष पाजलं होतं आणि सगळ्यांदेखत कबूल केलं होतं.

"कबुली फौजदारासमोर," ते बोटांवर मोजत म्हणाले. "बाटली डिटेक्टिव्हाने स्वतःच्या खिशातून काढली, जप्ती पंचनामा नाही. हेतूची एकमेव साक्षीदार दुसऱ्या प्रकरणातच मयत, आणि तिचा मृत्यूपूर्व जबाब कोणी घेतला नाही. सुटतो."

"सुटतो?"

"सुटतो. फक्त फी आगाऊ घ्यायची, आणि त्याच्या घरी चहा घ्यायचा नाही."